शंका-समाधान : अमोनियाचा कारखाना उभा करणारे कार्ल बॉश

मागील अंकातील खतांविषयीच्या लेखात ‘हेबर–बॉश पद्धती’चा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर वडोदऱ्याहून आलेल्या पत्रांत बॉश यांच्याविषयी इतके प्रश्न होते की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. शहराच्या वेशीवर खताचा मोठा कारखाना आणि ओळखीपाळखीत कोणी ना कोणी रसायनाच्या धंद्यात, अशा गावातून असे प्रश्न यावेत यात नवल नाही. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : शालेय पुस्तकात अमोनियाची निर्मिती ‘हेबर पद्धती’ने होते असे वाचायला मिळते, तर अन्यत्र ‘हेबर–बॉश’ असे जोडनाव दिसते. शोध हेबर यांचा असेल तर बॉश यांचे नाव जोडण्याचे कारण काय?
— विज्ञान शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग नायट्रोजन असतो, पण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की पिकांना तो थेट वापरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपची शेती चिलीहून जहाजांनी येणाऱ्या सोऱ्यावर अवलंबून होती आणि १८९८ मध्ये विल्यम क्रूक्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, हा साठा आटल्यावर गव्हाची टंचाई अटळ आहे, असा इशारा जाहीर भाषणात दिला होता. हवेतील नायट्रोजन हायड्रोजनशी जोडून अमोनिया करता येईल का, हा प्रश्न त्यामुळे केवळ अभ्यासकांचा राहिलेला नव्हता.

जर्मनीतील कार्ल्सरूह येथील रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेबर यांनी आपले इंग्रज सहकारी रॉबर्ट ल रोसिन्यॉल यांच्या साहाय्याने तो सोडवला. २ जुलै १९०९ रोजी बीएएसएफ या रंगनिर्मितीतील मोठ्या कंपनीच्या प्रतिनिधींसमोर त्यांच्या टेबलावरील उपकरणातून द्रवरूप अमोनिया थेंबाथेंबाने गळू लागला. मात्र हवेच्या दाबाच्या पावणेदोनशे ते दोनशे पट दाब, पाचशे अंशांहून अधिक तापमान आणि उत्प्रेरक म्हणून ऑस्मियम, असा हा प्रयोग होता. ऑस्मियम हा धातू जगात इतका थोडा आहे की त्याच्या भरवशावर कारखाना काढणे शक्यच नव्हते. आणि एवढा दाब व एवढी उष्णता एकाच वेळी, महिनोन् महिने सोसणारे पात्र तोवर कोणी बनवलेले नव्हते.

त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी कार्ल्सरूहला जाऊन हेबर यांची भेट घेतली होती. तेव्हा नुसत्या शंभर पट दाबाचा उल्लेख ऐकूनच त्यांच्यापैकी एकाने हात झटकले. बरोबर आलेले पस्तिशीचे कार्ल बॉश यांनी मात्र, पोलादाचे उद्योग काय करू शकतात हे आपल्याला ठाऊक आहे, हे धाडस करून पाहावे, असे मत दिले. हे मत पोकळ नव्हते. जन्म १८७४ चा, कोलोनचा. वडिलांचा गॅस व नळकामाच्या साहित्याचा व्यवसाय. विद्यापीठात जाण्यापूर्वी सायलेशियातील एका लोहकारखान्यात ओतकाम आणि लेथ यांवर उमेदवारी. मग शार्लोटेनबुर्ग येथे धातुशास्त्र व यंत्रशास्त्र आणि शेवटी लाइपझिगमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट, असा त्यांचा उलटा वाटावा असा प्रवास झाला होता. १८९९ पासून ते लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफमध्ये होते. तेथे त्यांना पहिल्याच वर्षी मिळालेले काम सांगण्याजोगे आहे. विल्हेल्म ओस्टवाल्ड या जगन्मान्य शास्त्रज्ञाने लोखंडाच्या साहाय्याने अमोनिया तयार केल्याचा दावा कंपनीकडे पाठवला होता आणि त्याची तपासणी या नवशिक्याकडे आली. मिळालेला अमोनिया हवेतील नायट्रोजनपासून झालेला नसून लोखंडात आधीच असलेल्या नायट्राइडमधून (लोखंड व नायट्रोजन यांच्या संयुगातून) आला आहे, असे बॉश यांनी दाखवून दिले आणि ओस्टवाल्ड यांना आपला दावा मागे घ्यावा लागला.

कार्ल्सरूहचा प्रयोग हाती आल्यावर बॉश यांच्यापुढे स्वस्त आणि शुद्ध वायू, स्वस्त उत्प्रेरक आणि टिकणारे पात्र, या तीन अडचणी होत्या. हायड्रोजन त्यांनी तापलेल्या कोकवरून, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेल्या इंधनावरून, वाफ सोडून मिळवला, पण त्यासोबत येणारा कार्बन मोनॉक्साइड उत्प्रेरकाला निकामी करतो म्हणून तो काढून टाकण्याची स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. उत्प्रेरकाचे काम अल्विन मिटाश यांच्याकडे दिले. त्यांनी लहान लहान नळ्यांच्या रांगा लावून हजारो मिश्रणे तपासली. स्वीडनमधील एका विशिष्ट खाणीच्या लोहखनिजाने अनपेक्षितपणे चांगले फळ दिले, तेव्हा त्या खनिजातील अशुद्धींचाच पाठलाग करून लोखंडात ॲल्युमिना व पोटॅश यांची किंचित भर घालण्याची युक्ती त्यांना सापडली. आजही अमोनियाच्या बहुतेक कारखान्यांतील उत्प्रेरक याच कुळातला आहे. तिसऱ्या अडचणीविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे. ९ सप्टेंबर १९१३ रोजी लुडविग्सहाफेनजवळील ओपाऊ येथे जगातील पहिला अमोनिया कारखाना सुरू झाला. टेबलावरच्या थेंबांपासून टनांपर्यंत हे अंतर चार वर्षांत कापले गेले आणि ते कापणाऱ्यांचे नेतृत्व बॉश यांनी केले. हेबर यांना १९१८ चे नोबेल मिळाले. बॉश यांना १९३१ मध्ये, कोळशापासून इंधन तेल काढणाऱ्या फ्रीडरिश बेर्गियुस यांच्यासह, रसायनशास्त्रातील उच्च दाबाच्या पद्धतींसाठी मिळाले. तेव्हा जोडनाव न्याय्यच आहे. मिटाश यांचे नाव मात्र त्यात कुठेच नाही, हे मला नेहमी खटकते.

प्रश्न : मी एका खत कारखान्यात फिटर होतो. तेथील युरियाच्या रिॲक्टरच्या जाड भिंतीला बाहेरून बारीक भोके पाडलेली असत आणि त्यांना आम्ही ‘वीप होल’ म्हणत असू. एक जुने इंजिनीअर सांगत की उच्च दाबाच्या पात्राला मुद्दाम भोके पाडण्याची अक्कल बॉश यांची. यात तथ्य किती?
— निवृत्त वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : बरेच आहे, मात्र दोन्ही ठिकाणच्या भोकांचे काम वेगळे आहे. बॉश यांच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत विलक्षण असल्याने तो थोडा विस्ताराने सांगतो.

ओपाऊच्या आधी लुडविग्सहाफेनमध्ये चाचणीसाठी पोलादाच्या जाड नळ्या उभ्या केल्या होत्या. त्या फुटतील या भीतीने त्यांना काँक्रीटच्या आडोशात ठेवले होते आणि ही भीती खरी ठरली. सुमारे ऐंशी तास चालल्यावर नळ्या फुटल्या. गणिताप्रमाणे त्या दाबाला हे पोलाद सहज पुरायला हवे होते. बॉश यांनी फुटलेले तुकडे कापून, घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. नळीच्या बाहेरच्या अंगाचे पोलाद जसेच्या तसे होते. आतल्या अंगाला मात्र त्याचा पोतच बदललेला होता. पोलादाला पोलादपण देणारा कार्बन तेथून नाहीसा झाला होता, कणांच्या सांध्यांत बारीक भेगा पडल्या होत्या, आणि जो धातू वाकायला हवा होता तो ठिसूळ होऊन तुटत होता.

कारण असे होते की तापलेल्या पोलादात दाबाखालील हायड्रोजन शिरतो. त्याचा अणू सर्वांत लहान असल्याने धातूच्या घडणीतून तो वाट काढतो आणि आतील कार्बनशी संयोग पावून मिथेन बनवतो. मिथेनचा रेणू मोठा असल्याने त्याला बाहेर पडता येत नाही. तो जागच्या जागी अडकून दाब वाढवत राहतो आणि पोलादाला आतून फाडतो. म्हणजे भिंत जाड करून काहीच साधणार नव्हते, कारण जाडी वाढली तरी हायड्रोजन काही तासांनी, काही दिवसांनी तेथवर पोचणारच. वेगवेगळ्या धातूंची अस्तरे लावून पाहिली गेली, पण हायड्रोजन त्यांच्यातूनही पलीकडे जाई आणि मागच्या पोलादाला गाठी.

१९११ च्या सुरुवातीला बॉश यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. हायड्रोजनला अडवायचे कशाला? त्याला जाऊ द्यावे, फक्त त्याने वाटेत नुकसान करू नये एवढे पाहावे. त्यांनी एका भिंतीच्या दोन केल्या. आतली नळी जवळजवळ कार्बन नसलेल्या नरम लोखंडाची ठेवली. तिच्यात कार्बनच नसल्याने मिथेन होण्याचा प्रश्न उरला नाही, मात्र ती स्वतः दाब पेलू शकत नव्हती. दाब पेलण्यासाठी तिच्याभोवती घट्ट बसणारे मजबूत पोलादाचे कवच दिले आणि त्या कवचाला बारीक भोके पाडली. नरम लोखंडातून झिरपलेला हायड्रोजन दोन्हींच्या सांध्यात पोचला की भोकांतून निमूटपणे हवेत निघून जाई. तो दाबाखाली साठत नसल्याने आणि बाहेरचे कवच तुलनेने थंड असल्याने कवचाच्या पोलादाला इजा होत नसे. थोडा हायड्रोजन वाया जाई, तेवढा त्यांनी सोडून दिला. हाच उपाय पुढे मोठमोठ्या पात्रांना लागू झाला आणि जर्मनीत या भोकांना आजही बॉश यांचे नाव आहे. लोहकारखान्यात उमेदवारी न केलेल्या रसायनशास्त्रज्ञाला हे सुचले असते का, याविषयी मला शंका आहे.

आपण पाहिलेली वीप होल याच कल्पनेच्या घराण्यातली, पण त्यांचे काम पहाऱ्याचे. युरियाच्या रिॲक्टरमध्ये तयार होणारे कार्बामेट हे साध्या पोलादाला झपाट्याने खाते, म्हणून आतून स्टेनलेस स्टील किंवा तत्सम धातूचे अस्तर असते. अस्तराला कोठे चीर गेली तर गळती प्रथम या भोकांतून कळते आणि कवच खराब होण्याआधी यंत्र थांबवता येते.

प्रश्न : गाडीच्या स्पार्क प्लगवर ज्यांचे नाव असते ते बॉश हेच का?
— विद्यार्थी, रावपुरा, वडोदरा

उत्तर : नाही. ती कंपनी स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी स्थापन केली. कार्ल बॉश हे त्यांचे पुतणे.

प्रश्न : बॉश यांच्या शोधाने जगाला अन्न दिले असे आपण लिहिता, पण याच अमोनियावर पहिल्या महायुद्धातील जर्मनीचा दारूगोळा चालला असेही वाचले आहे. शिवाय ओपाऊच्या कारखान्यात मोठा स्फोट झाल्याचे ऐकिवात आहे. या दोन्ही गोष्टींत बॉश यांची जबाबदारी कितपत मानावी?
— प्राध्यापिका, राजमहाल रोड, वडोदरा

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या तोलाव्या लागतात.

१९१४ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश आरमाराने चिलीच्या सोऱ्याची वाट रोखली. सोऱ्यावाचून नायट्रिक आम्ल नाही आणि त्याच्यावाचून स्फोटके नाहीत, अशी कोंडी झाली. त्या सप्टेंबरात बॉश यांनी सरकारला ओपाऊच्या अमोनियापासून नायट्रिक आम्ल करून देण्याचे वचन दिले. जेमतेम वर्षभर चाललेला खताचा कारखाना त्यासाठी फिरवावा लागला आणि १९१५ च्या मे महिन्यात तेथून माल निघू लागला. त्याच महिन्यात फ्रेंच विमानांनी लुडविग्सहाफेनवर बाँब टाकले, त्यामुळे सीमेपासून दूर, लॉयना येथे दुसरा प्रचंड कारखाना उभारून एप्रिल १९१७ मध्ये सुरू करण्यात आला. या कारखान्यांवाचून जर्मनीला एवढा काळ लढणे कठीण गेले असते, हे सर्वमान्य आहे. बॉश यांच्यावर हे काम लादले गेले असे म्हणता येणार नाही. वचन त्यांनी स्वतः दिले होते. ‘देशासाठी’ हा शब्द त्या वर्षी युरोपभर सगळ्यांच्याच तोंडी होता, एवढे मात्र लक्षात घ्यावे.

ओपाऊच्या स्फोटाची गोष्ट निराळी. २१ सप्टेंबर १९२१ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास खताच्या एका गोदामाचा स्फोट झाला. तेथे अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांच्या मिश्रणाचे सुमारे ४,५०० टन खत साठवले होते. हे खत दमट हवेत दगडासारखे घट्ट धरते आणि कुदळीला दाद देत नाही, म्हणून ते मोकळे करण्यासाठी त्यात लहान सुरुंग लावण्याची पद्धत होती. विश्वास बसणार नाही, पण तोवर हजारो वेळा असे सुरुंग लावूनही काही झाले नव्हते आणि म्हणूनच हे मिश्रण पेट घेत नाही अशी सर्वांची खात्री होती. त्या सकाळी ती खात्री खोटी ठरली. गोदामाच्या जागी सुमारे एकोणीस मीटर खोल खड्डा पडला, साडेपाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ओपाऊ गावातील बहुतेक घरे उद्ध्वस्त झाली आणि आवाज तीनशे किलोमीटरांवरच्या म्युनिकपर्यंत गेला. बॉश तेव्हा कंपनीचे प्रमुख होते. मृतांच्या अंत्यविधीत भाषण त्यांनीच केले. देशातील लाखोंना अन्न आणि जीवन देणारा पदार्थच आपला वैरी ठरला, अशा आशयाचे ते भाषण होते. त्यानंतर ते आजारी पडून कित्येक महिने कामापासून दूर राहिले.

अमोनियम नायट्रेटचे प्रमाण कमी असले की मिश्रण सुरक्षित असते, हा समज एका सरासरीवर उभा होता. ढिगाच्या एखाद्या भागात ते प्रमाण जास्त असू शकते हे कोणी तपासले नव्हते. सुरुंग लावणाऱ्या कामगारांकडे बोट दाखवून ही जबाबदारी संपत नाही, ती पद्धत मंजूर करणाऱ्यांपर्यंत जाते.

प्रश्न : हिटलरच्या काळात बॉश कोणत्या बाजूला होते?
— ज्येष्ठ वाचक, बाबाजीपुरा, वडोदरा

उत्तर : आपल्याला हवे तसे सरळ उत्तर देता येणार नाही. १९२५ च्या अखेरीस जर्मनीतील प्रमुख रासायनिक कंपन्या एकत्र होऊन आय. जी. फार्बेन हा महाउद्योग बनला आणि त्याच्या व्यवस्थापनाचे पहिले प्रमुख बॉश झाले. लॉयना येथे कोळशापासून पेट्रोल काढण्याच्या योजनेत त्यांनी अफाट पैसा ओतला होता. पण जगात खनिज तेल स्वस्त झाले आणि योजना तोट्यात अडकली. फेब्रुवारी १९३३ मध्ये कंपनीने नाझी पक्षाच्या निवडणूक निधीला चार लाख मार्क दिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने हे पेट्रोल ठरलेल्या किमतीला उचलण्याची हमी देणारा करार केला. हा करार बॉश यांच्या कारकिर्दीतलाच आहे. त्याकडे डोळेझाक करून त्यांचे चरित्र लिहिता येत नाही.

दुसरीकडे, ज्यू शास्त्रज्ञांना हाकलले तर जर्मनीतील विज्ञान शंभर वर्षे मागे पडेल, असे त्यांनी हिटलरला समक्ष बोलून दाखवल्याचे आणि त्यानंतर हिटलरने त्यांचे तोंड पाहण्याचे टाळल्याचे सांगितले जाते. ज्यू कुळात जन्मलेल्या हेबर यांचा १९३४ मध्ये परदेशात, बाझेल येथे मृत्यू झाला. पुढच्या जानेवारीत बर्लिनमध्ये त्यांची स्मृतिसभा झाली, तेव्हा सरकारने अध्यापकांना तेथे जाण्यास मनाई केली होती. बॉश मात्र आपल्या सहकाऱ्यांसह तेथे हजर राहिले. पुढे ते कैसर विल्हेल्म सोसायटी या देशातील अग्रगण्य संशोधन संस्थेचे अध्यक्षही झाले, परंतु शेवटची वर्षे नैराश्यात आणि मद्याच्या आहारी जाण्यात गेली. २६ एप्रिल १९४० रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. ऑशविट्झजवळ याच कंपनीने छळछावणीतील कैद्यांना राबवून उभारलेला कारखाना त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे. तथापि ज्या वाटेने कंपनी तेथवर गेली, तिचा पहिला टप्पा त्यांच्या सहीचा आहे असे माझे मत आहे.

प्रश्न : त्यांना कामाखेरीज काही छंद होते का?
— गृहिणी, वाडी, वडोदरा

उत्तर : होते, आणि तेही कारखान्याच्या मापाचे. भुंगेरे, फुलपाखरे आणि खनिजे यांचे त्यांचे संग्रह प्रचंड होते, हायडेलबर्गच्या घरी खासगी वेधशाळा होती आणि त्या शहरातील प्राणिसंग्रहालय १९३४ मध्ये सुरू झाले ते त्यांच्या आर्थिक साहाय्याने.

प्रश्न : आमच्या फर्टिलायझरनगरच्या कारखान्यात अमोनिया आजही बॉश यांच्याच पद्धतीने होतो का? शंभर वर्षांत नवे काहीच निघाले नाही का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छाणी, वडोदरा

उत्तर : फर्टिलायझरनगरचा गुजरात राज्य खत कारखाना १९६२ मध्ये स्थापन झाला आणि १९६७ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. त्याआधी १९५१ मध्ये सिंद्रीचा सरकारी कारखाना चालू झालेला होता. देशातील अशा कारखान्यांचा गाभा एकच आहे. लोहाच्या उत्प्रेरकावरून दाबाखालील नायट्रोजन व हायड्रोजन न्यायचे, झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. एका फेरीत वायूचा लहान भागच अमोनियात बदलतो, म्हणून हे फिरवणे अपरिहार्य आहे. ती कल्पना हेबर यांची.

बदलले ते भोवतालचे. कोकची जागा नैसर्गिक वायूने घेतली. त्याची वाफेशी क्रिया घडवून हायड्रोजन मिळतो, सोबत निघालेला कार्बन डायऑक्साइड वेगळा केला जातो आणि पुढे तोच अमोनियाशी जोडून युरिया बनवतात. शेतकरी उचलतो त्या ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नायट्रोजन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. हायड्रोजन मात्र जमिनीखालच्या इंधनातून येतो, आणि जगातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे एक ते दोन टक्के ऊर्जा एकट्या अमोनियावर खर्च होते ती मुख्यतः त्यापायीच. पाण्याचे विजेने विघटन करून हायड्रोजन मिळवण्याचे जे प्रयत्न सध्या चालू आहेत, त्यांत ही पहिली पायरीच बदलते; उत्प्रेरकाचे पात्र बहुतांशी तेच राहते.

भोकांचे काय झाले, हेही आपण विचारले असते असे गृहीत धरून लिहितो. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद उपलब्ध झाल्यावर कार्बन त्या धातूंशी घट्ट बांधला गेला आणि हायड्रोजनला तो सहजी मिळेनासा झाला, त्यामुळे नरम लोखंडाच्या अस्तराची गरज उरली नाही. पण मूळ धोका गेलेला नाही. कोणते पोलाद हायड्रोजनच्या किती दाबाला आणि किती तापमानाला चालेल, हे दाखवणारे ‘नेल्सन वक्र’ आजही प्रत्येक डिझाइन कार्यालयात पाहिले जातात. केवळ खतासाठी नव्हे, तेल शुद्धीकरणातही गंधक काढण्यासाठी उच्च दाबाचा हायड्रोजन वापरतात, तेव्हा कोयलीसारख्या रिफायनरीत कामाला लागलात तर पात्राचे पोलाद निवडताना हे वक्र आपल्यालाही उघडावे लागतील. पदवीच्या तिसऱ्या वर्षी धातुशास्त्राचा ऐच्छिक विषय मिळत असेल तर तो घ्यावा.